आधी धुराडं बघा, स्टोव्ह नंतर

थंडी पडली की या सदरात दोनच विषय येतात, भिंतीची ओल आणि घराची गरमाई. या महिन्यात गरमाईचा ढीग मोठा आहे आणि त्यातही बहुतेकांनी विचारलंय ते मल्टीफ्युएल स्टोव्हबद्दल, म्हणजे बंद काचेच्या दाराचा तो लोखंडी स्टोव्ह ज्यात लाकूडही चालतं आणि कोळशाच्या विटाही. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथेच एकत्र घेते. पहिलं पत्र सगळ्यात लांब आहे पण बाकीच्यांचे निम्मे प्रश्न त्यातच येऊन जातात म्हणून ते जवळजवळ पूर्ण छापलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, इतकी वर्षं लीड्सला फ्लॅटमध्ये होतो, आता यॉर्कशायर डेल्समध्ये स्किप्टनच्या पुढे एका खेड्यात जुनं दगडी घर घेतलंय. गॅसची लाइन नाही, ऑइलचा बॉयलर आहे आणि टँक भरायची वेळ आली की पोटात गोळा येतो. हॉलमध्ये उघडी फायरप्लेस आहे, तिच्यावर ओकची जाडजूड तुळई आहे. तिथे मल्टीफ्युएल स्टोव्ह बसवायचाय. हॉल ४ बाय ४.५ मीटर, छत २.४ मीटरवर. शेजारचे आजोबा म्हणतात ८ किलोवॅटचा घ्या नाहीतर कुडकुडाल, दुकानवाला म्हणतो ५ पुरे, नेटवर वाचलं की फक्त लाकडाचाच घ्यावा. कास्ट आयर्न की स्टील तेही कळेना. शिवाय जानेवारीत सासूबाई येतायत, त्यांना दमा आहे. नवरा म्हणतो जो दिसायला छान तो घेऊन टाकू. काय करू?
— एक वाचक, नॉर्थ यॉर्कशायर

उत्तर : नवऱ्याला सांगा शोरूममध्ये सगळेच छान दिसतात, कारण तिथे तो पेटवलेलाच नसतो.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही आणि सगळं गाडं तिथेच अडतं, ते म्हणजे धुराडं. स्टोव्ह ही नुसती पेटी असते हो, इंजिन म्हणजे धुराडं. ते ओढतं म्हणून आत हवा येते आणि हवा येते म्हणून जळण जळतं. तेव्हा कॅटलॉग बाजूला ठेवा आणि आधी चिमणी साफ करणाऱ्याला बोलवा. तो ब्रश मारेल, वर कावळ्यांनी काड्या भरल्या असतील तर त्या काढेल (डेल्समधल्या बंद पडलेल्या चिमण्यांत पोतंभर काड्या निघणं काही विशेष नाही), आणि मग धूर सोडून बघेल की तो वरच जातोय की मधेच फटीतून तुमच्या बेडरूममध्ये येतोय. जुन्या दगडी घरांत आतला चुना झडलेला असतो, त्यामुळे बहुतेक वेळा आतून स्टेनलेस स्टीलचा लवचीक पाइप सोडावा लागतो, त्याला लायनर म्हणतात. आणि इथेच मल्टीफ्युएलचा पहिला खरा खर्च येतो, तो दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. लायनर दोन प्रतीत मिळतो, ३१६ आणि ९०४. नुसतं लाकूड जाळणार असाल तर ३१६ चालतो. पण कोळशाच्या स्मोकलेस विटा जाळणार असाल तर ९०४च घ्या, कारण त्या विटांच्या धुरात गंधक असतं, ते ओलाव्याला भेटलं की आम्ल तयार होतं आणि साधा लायनर थोड्या वर्षांत चाळणीसारखा होतो. सगळी मजुरी तीच, शिडी तीच, माणसं तीच, फक्त पाइप महाग. मग तिथे काटकसर कशाला.

आता आकार. गणित सोपं आहे, खोलीचं घनफळ काढायचं आणि भागायचं. ४ गुणिले ४.५ गुणिले २.४ म्हणजे ४३ घनमीटर. साधारण बऱ्या घराला १४ ने भागतात, म्हणजे ३ किलोवॅटच्या आसपास. तुमचं जुनं दगडी, भिंतीत काही भरलेलं नसणार, म्हणून १० ने भागा, ४.३ आले. दुकानवाल्याचं बरोबर आहे, ५ पुरे. आजोबांचं वय आणि अनुभव मान्य, पण ते बहुधा उघड्या फायरप्लेसच्या हिशोबाने बोलतायत, तिथे बहुतांश उष्णता धुराड्यातून वर आकाशात जाते, बंद स्टोव्हमध्ये तीच गोष्ट उलट होते आणि बरीचशी खोलीत राहते.

मोठा घेतला तर बिघडलं काय, कमी पेटवू, असं सगळेच म्हणतात. तसं होत नाही. ८ किलोवॅटचा स्टोव्ह त्या हॉलमध्ये नीट पेटवलात तर अर्ध्या तासात खिडक्या उघडून बसाल, मग तुम्ही हवा बंद करून त्याला दाबून ठेवणार, दाबला की जळण धुमसतं, धुमसलं की काच काळी होते आणि धुराड्यात डांबर जमतं, आणि ते डांबर एखाद्या रात्री पेट घेतं. लहान स्टोव्ह दणकून जाळलेला केव्हाही बरा. शिवाय ५ किलोवॅटपर्यंत जुन्या फटीफटींच्या घरात भिंतीला कायमचं हवेचं भोक पाडावं लागत नाही, ५ च्या वर मात्र दर किलोवॅटमागे ५५० चौरस मिलिमीटर उघडी जागा ठेवावी लागते, ८ चा घेतलात तर १६५०, म्हणजे साधारण ४ बाय ४ सेंटिमीटरचं भोक, आणि ते बुजवायचं नाही, जानेवारीत वारा घोंघावत आत आला तरी नाही. एवढं पैसे खर्चून गरम करायला निघालो आणि थंडीला दार करून दिलं असला प्रकार.

लाकडाचा की मल्टीफ्युएल, याचं उत्तर तुम्ही जाळणार काय त्यावर आहे. लाकूड राखेच्या गादीवर झोपून जळतं आणि त्याला हवा वरून लागते, कोळशाला हवा खालून लागते आणि तो उंच जाळीवर ठेवावा लागतो. ज्यांनी लहानपणी न्हाणीघरातला तांब्याचा बंब पेटवलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको, खालची जाळी राखेने भरली की बंब कसा रुसायचा आणि सळईने खरवडली की कसा भणभणायचा, मल्टीफ्युएल स्टोव्ह म्हणजे तोच कारभार, फक्त पुढे काच लावलेली. जाळी आहे, खाली राखेचा ट्रे आहे, बाहेरून हलवायचा दांडा आहे आणि हवेच्या निदान दोन खिट्ट्या आहेत, एक खालची आणि एक वरची. लाकूड जाळताना पेटेपर्यंत खालची उघडी ठेवायची, पेटलं की बंद आणि पुढे सगळी हवा वरून, आणि जाळीवर दोनेक सेंटिमीटर राख राहू द्यायची. कोळसा जाळताना बरोबर उलट, हवा मुख्यतः खालून आणि राख रोज झाडायची. ट्रे भरून राख जाळीला टेकली की जाळीच्या सळ्यांना खालून मिळणारी थंड हवा तुटते आणि त्या तापून वाकतात, मग नवी जाळी. मल्टीफ्युएल बिघडला म्हणून तक्रार येते त्यातल्या बऱ्याच वेळा हेच झालेलं असतं, ट्रे वेळेवर काढलेला नसतो.

तुम्हाला मल्टीफ्युएलच घ्या असं सांगेन, कारण खेड्यात आहात आणि बर्फ पडला की लाकूडवाला पोचत नाही. दोन पोती स्मोकलेस विटा कोपऱ्यात पडलेल्या असल्या की जिवाला आधार असतो, त्या रात्रभर निखारा धरतात, जे लाकडाला जमत नाही. दक्षिण वेल्सचा अँथ्रासाइट, म्हणजे कडक जातीचा दगडी कोळसा, त्याहून हट्टी, पेटायला नखरे करतो पण एकदा धरला की धूर नाही आणि किलोमागे जवळजवळ ९ युनिट उष्णता देतो. वाळलेलं लाकूड किलोमागे ४ युनिटच्या आसपास देतं. ओलं, नुकतं तोडलेलं लाकूड, ज्यात निम्मं पाणीच असतं, ते जेमतेम २. म्हणजे ओलं लाकूड स्वस्त मिळालं म्हणून आनंदाने घरी आणणारा माणूस पाण्याचे पैसे मोजत असतो.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, लाकूड आणि विटा एकाच वेळी एकत्र घालायच्या नाहीत. विटांच्या पॅकेटवर काहीही लिहिलेलं असो. लाकडातली वाफ आणि विटांतलं गंधक एकत्र आलं की तेच मघाचं आम्ल. पेटवायला काड्या वापरल्या त्या ठीक, पुढे एक काहीतरी ठरवा.

काय विकत मिळतं त्यावर इंग्लंडमध्ये आता नियम आहेत. पोत्यातला साधा घरगुती कोळसा १ मे २०२१ पासून बंद झाला, सुटा मिळायचा तोही १ मे २०२३ पासून बंद. लाकूड २ घनमीटरपेक्षा कमी घेतलं तर त्यावर 'रेडी टू बर्न'चा शिक्का लागतो, म्हणजे ओलावा २० टक्के किंवा कमी. त्यापेक्षा जास्त एकदम घेतलं तर शिक्का नसला तरी चालतो, पण मग वाळवायची जबाबदारी तुमची, आणि ओक असेल तर दोन उन्हाळे धरून चला. ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं ते घ्याच, पण ओंडक्याच्या बाहेरून टोचून बघू नका, बाहेरून सगळीच लाकडं साधू असतात. ओंडका फोडायचा आणि आतल्या ताज्या बाजूला टोचायचं.

कास्ट आयर्न की स्टील यावर लोक तासन्तास वाद घालतात, मला त्यात फार दम वाटत नाही. कास्ट हळू तापतं आणि विझल्यावरही बराच वेळ ऊब देतं, स्टील पटकन तापतं. संध्याकाळी कामावरून येऊन पेटवणार असाल तर स्टील, दिवसभर घरात कोणी असेल तर कास्ट. बस. त्यापेक्षा हे विचारा की काच, दाराची फट बुजवणारी दोरी, आतल्या अस्तराच्या विटा आणि जाळी हे सुटे भाग दहा वर्षांनी मिळतील का. अनोळखी नावाचा स्वस्त स्टोव्ह तिथेच रडवतो. नवा घेताना तो इकोडिझाइनचा, म्हणजे कमी धूर सोडणारा, असायलाच हवा, १ जानेवारी २०२२ पासून तसा नियम आहे.

तुमची ती ओकची तुळई. स्टोव्हच्या पुस्तिकेत जळाऊ वस्तूपासून किती अंतर हवं ते मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, वर किती, बाजूला किती, ते खरेदीच्या आधी वाचा, नंतर नाही. ते अंतर बसत नसेल तर तुळईखाली लोखंडी पत्रा फट सोडून लावतात, तो चालतो, पण बसवणाऱ्याला विचारून. बसवणारा हेटासकडे (स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंद ठेवणारी तिथली संस्था) नोंदलेला घ्या, तो काम झाल्यावर प्रमाणपत्र देतो आणि घर विकताना वकील तेच पहिलं मागतो. स्वतः किंवा ओळखीच्या गवंड्याकडून करून घेणार असाल तर काम सुरू करायच्या आधी काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवावं लागतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत बसवणं सक्तीचं आहे, आणि घराच्या विमावाल्यालाही एक ईमेल टाकून ठेवा.

आता एक गोष्ट जी इंग्रजी पुस्तिकेत सापडणार नाही. स्वयंपाकघर हॉलला लागून आहे का? आपल्याकडे फोडणी टाकायची म्हणजे एक्झॉस्ट फुल स्पीडवर. तो पंखा घरातली हवा बाहेर फेकतो आणि बदली हवा मिळेल तिथून ओढतो, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे तुमचं धुराडं. म्हणजे तुम्ही आत मिरच्या परतताय आणि बाहेर हॉलमध्ये स्टोव्हमधून धूर उलटा येतोय. धूर दिसतो तरी, विटा जाळत असाल तर जो विषारी वायू येतो, तोच कार्बन मोनॉक्साइड, तो दिसतही नाही आणि वासही येत नाही. बसवणाऱ्याला सांगा की चाचणी घेताना किचनचा पंखा पूर्ण चालू ठेवून, दारं खिडक्या लावून घे. तो आपणहून बहुतेक घेईल, पण तो तिथल्या पंख्याचा विचार करतो, आपल्या फोडणीचा नाही.

सासूबाईंचं. इथे गोड बोलून उपयोग नाही. कितीही चांगला स्टोव्ह असला तरी दार उघडून लाकूड टाकताना आणि राख काढताना बारीक कण खोलीत येतात आणि दमेकऱ्याला ते सोसत नाहीत. त्या येतील तेव्हा घर ऑइलच्या बॉयलरवरच ठेवा, दोन महिने बिल जास्त येईल तर येऊ दे. स्टोव्ह हा वरखर्चाची ऊब आहे असं समजून घ्या, बॉयलर काढून टाकायच्या भानगडीत पडू नका. आणि पेटवलाच तर ट्रे आदल्या दिवशीचा, थंड झालेला, सासूबाई खोलीत नसताना काढायचा.

प्रश्न : आम्ही मिडलंड्समधल्या एका शहरात टेरेस हाउसमध्ये राहतो. स्टोव्ह घेतला, दोनदा पेटवला, तर शेजारणीने काउन्सिलला कळवलं. आम्ही पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) फोडून ती लाकडं जाळत होतो, फुकट मिळतात. हा गुन्हा आहे का? सगळेच जाळतात!
— एक वाचक, मिडलंड्स

उत्तर : शहरात आहात म्हणजे स्मोक कंट्रोल एरियात, म्हणजे चिमणीतून धूर सोडायला मनाई असलेल्या भागात, असण्याची शक्यता दाट आहे, काउन्सिलच्या साइटवर पोस्टकोड टाकून खात्री करा. तसं असेल तर दोनच रस्ते आहेत. एक तर डेफ्राने (तिथल्या पर्यावरण खात्याने) सूट दिलेल्या यादीतला स्टोव्ह हवा, मग त्यात लाकूड चालतं. नाहीतर फक्त मान्यताप्राप्त स्मोकलेस जळण. चिमणीतून धूर दिसला तर १७५ ते ३०० पाउंड दंड होऊ शकतो, आणि सूट नसलेल्या स्टोव्हसाठी अमान्य जळण विकत आणलंत तर १००० पर्यंत. हे नियम कोणाच्या हौसेने आलेले नाहीत, डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचं धुकं बसलं होतं, त्यात तेव्हाच्या हिशोबाने ४००० माणसं गेली, नंतरच्या अभ्यासांनी आकडा १२००० पर्यंत नेला, त्यातून १९५६ चा क्लीन एअर अॅक्ट आला.

पॅलेटबद्दल. सगळेच जाळतात हे खरं आणि सगळेच चुकतात हेही खरं. पॅलेटवर शिक्का बघा, एचटी असेल तर ते नुसतं उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, ते हातही लावू नका. रंग दिलेलं, प्लायवुड, जुनं कुंपणाचं हिरवट लाकूड, हे कशातच जाळायचं नाही, जुन्या कुंपणाच्या लाकडात आर्सेनिकही असू शकतं. आणि शेजारणीकडे एकदा चहाला जाऊन या. वाळलेलं लाकूड वापरून, काड्या वरती आणि जाड लाकूड खाली असं रचून वरून पेटवलंत तर सुरुवातीचा धूर खूपच कमी होतो, तिला फरक लगेच दिसेल.

प्रश्न : आयर्लंडमध्ये काउंटी मेयोला भाड्याच्या घरात आहोत. मल्टीफ्युएल स्टोव्ह आहे, मागे पाण्याचा बॉयलर जोडलेला आहे, त्यावर रेडिएटर चालतात. घरमालक स्वतःच्या बॉगमधला (दलदलीतला) टर्फ, म्हणजे कापून वाळवलेली जळाऊ माती, आणून देतो. राख इतकी होते की विचारू नका. टर्फवर बंदी आली असं ऐकलं, मग हे चालतं का? आणि वीज गेली की रेडिएटरचा पाइप ढॉक ढॉक वाजतो, काळजी करावी का?
— एक वाचक, आयर्लंड

उत्तर : शेवटून सुरू करते कारण तेच महत्त्वाचं आहे. हो, करावी. वीज गेली की पंप बंद पडतो, स्टोव्ह मात्र तापतच राहतो आणि मागच्या बॉयलरमधलं पाणी उकळायला लागतं, तो ढॉक ढॉक त्याचाच. नीट बसवलेल्या सिस्टिममध्ये निदान एक रेडिएटर असा असतो की ज्यात पंपाशिवाय, गरम पाणी आपोआप वर चढून, उष्णता जाते आणि त्याला बंद करायचा नळच नसतो. घरमालकाला विचारा तो कुठला आहे. त्याला माहीत नसेल तर प्लंबरला बोलवायला लावा, आणि तोवर वीज गेली की नवीन जळण घालू नका, हवेच्या खिट्ट्या बंद करा. पाणी ओतून विझवायला जाऊ नका. आणखी एक, पुढे कधी दुसऱ्या घरात गेलात आणि तिथे जुना, वापरात नसलेला बॉयलर फायरप्लेसच्या मागे तसाच दोन्हीकडून बुजवून ठेवलेला असेल, तर पुढे जाळ करू नका, आत पाणी राहिलं असेल तर तो फुटतो.

टर्फचं असं आहे की ३१ ऑक्टोबर २०२२ पासून आयर्लंडभर धूर करणाऱ्या कोळशाच्या विक्रीवर बंदी आली, डब्लिनमध्ये ती १९९० पासूनच होती. टर्फ दुकानात, ऑनलाइन किंवा जाहिरात देऊन विकता येत नाही. पण ज्याचा बॉगवर हक्क आहे तो स्वतः कापून वापरू शकतो, देऊ शकतो. तुमचा घरमालक त्यात बसतो. राख जास्त होणारच, टर्फची जातच तशी, हलकी पिसासारखी आणि ढीगभर. ट्रे रोज काढा, पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत, प्लास्टिकच्या नाही, कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत असतो. ती बादली बाहेर फरशीवर ठेवायची, लाकडी डेकवर नाही. चिमणी वर्षातून निदान दोनदा साफ करून घ्या.

प्रश्न : आम्ही पुण्याचे, दोन वर्षांपासून मनालीजवळ होमस्टे चालवतो. इथे सगळ्यांकडे खोली गरम करायचा पत्र्याचा तंदूर आहे, पाहुण्यांना काचेचा, इंग्लंडमधल्यासारखा मल्टीफ्युएल आवडेल असं वाटतं. मागवावा का?
— एक वाचक, हिमाचल

उत्तर : फोटोला छान येईल, बाकी पैसे पाण्यात. मल्टीफ्युएलचे जास्तीचे पैसे कशाचे, तर कोळशाच्या जाळीचे. तुमच्याकडे कोळसा घालणार कुठला? अँथ्रासाइट किंवा स्मोकलेस विटा तिथे सहज मिळत नाहीत, आणि आपल्याकडच्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के, तो त्या छोट्या जाळीवर टिकायचा नाही. जाळणार तुम्ही लाकूडच, मग काच हवीच असेल तर फक्त लाकडाचा घ्या, आणि काच, दोरी भारतात मिळतील का ते आधी विचारा. पहिल्या हिवाळ्यात काच तडकली आणि सीझन चालू असताना तिथे पत्रा लावून बसलात तर पाहुण्यांना तंदूरच बरा वाटेल.

खरं सांगू का, स्थानिक लोहाराने केलेला तंदूर वाईट नसतो, त्याचा पाइप वाईट असतो. पातळ पत्रा, सांधे ढिले, खिडकीतून आडवा बाहेर काढलेला. पाइप सरळ वर, छतातून, सांध्यांना नीट बसवून, छतातून जिथे जातो तिथे लाकडापासून लांब, आणि छपराच्या माथ्याच्या वर नेलात तर निम्मी कटकट संपते. देवदार, कैल, चीड यांत राळ भरपूर, ओलं जाळलं की पाइप महिन्याभरात चिकट होतो. सफरचंदाच्या छाटणीचं वाळलेलं लाकूड बघा, तुमच्या भागात मिळतं आणि झकास जळतं.

एवढं वाचून विसरलात तरी चालेल, पण पाहुण्यांच्या खोलीत कोळशाची अंगीठी कधीही, कितीही मागितली तरी, ठेवू देऊ नका. दरवर्षी उत्तर भारतात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. तिला धुराडं नसतं, सगळा विषारी वायू खोलीतच. प्रत्येक खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, ऑनलाइन मिळतो.

प्रश्न : महाबळेश्वरला छोटा बंगला आहे. डिसेंबरात मस्त थंडी असते, तिथे असा स्टोव्ह लावला तर?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नको. तुमची थंडी दोन महिन्यांची आणि तीही रात्रीपुरती, ऑइल भरलेला विजेचा रेडिएटर आणा, दोन किलोवॅटचा, काम झालं. उरलेल्या दहा महिन्यांत, त्यातले चार तर महाबळेश्वरच्या पावसाचे, तो स्टोव्ह आतून गंजेल, धुराड्यातून पाणी ठिबकेल आणि लाकूड वाळवायला तुम्हाला कोरडी जागाच मिळणार नाही. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, सरपणासाठी झाडावर कुऱ्हाड चालवायचा विचारही करू नका. अंगणात शेकोटी करा, मक्याचं कणीस भाजा.

प्रश्न : काच सारखी काळी होते. महागडा फवारा आणला, चार दिवसांनी पुन्हा तेच. स्टोव्ह खराब आहे का?
— एक वाचक, एडिनबरा

उत्तर : बहुधा लाकूड ओलं आहे, किंवा रात्री झोपताना हवा पूर्ण बंद करून ठेवताय. वरची हवा काचेच्या आतून खाली वाहत येते आणि काजळी काचेवर बसू देत नाही, ती कोंडलीत की काच गेलीच. फवाऱ्याची गरज नाही, वर्तमानपत्राचा बोळा ओला करा, स्टोव्हमधल्याच लाकडाच्या राखेत बुडवा आणि थंड काचेवर गोल गोल घासा, मग कोरड्या कागदाने पुसा. विटांची राख घेऊ नका, चरे पडतात.

एकाच कोपऱ्यात काळी होत असेल तर दाराची दोरी बघा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, चारही बाजूंनी. जिथून पट्टी सहज सुटते तिथली दोरी दबलीय. नवी दोरी आणि डिंक मिळून फार पैसे नाहीत, फक्त घ्यायच्या आधी जुनीची जाडी मोजा, कारण जाड दोरी बसवली तर दार लागणार नाही आणि मग लोक कडी ठोकून ठोकून वाकवतात.